माणसे पाहून रचलेला बचाव

अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात बचावाच्या दोन रचना नुसत्या आकड्यांनी ओळखल्या जातात : १९७० च्या दशकातील मायामी डॉल्फिन्स संघाची ‘५३’ आणि १९८० च्या दशकातील शिकागो बेअर्स संघाची ‘४६’. या खेळात रचनांना ४-३ किंवा ३-४ अशी आकडी नावे देण्याची रीतच आहे आणि त्या आकड्यांवरून पहिल्या फळीत किती गडी व दुसऱ्या फळीत किती गडी उभे राहणार हे कळते. त्यामुळे ५३ आणि ४६ हेही मांडणीचेच हिशेब असावेत, असे नवख्या प्रेक्षकाला वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात ते दोन खेळाडूंच्या जर्सीवरचे क्रमांक आहेत. मायामीचा बॉब मॅथेसन ५३ क्रमांकाची जर्सी घालत असे आणि शिकागोचा डग प्लँक ४६ क्रमांकाची. या दोन्ही ठिकाणी एका विशिष्ट खेळाडूला काय चांगले जमते हे प्रशिक्षकाने आधी हेरले, त्याच्या गुणाला वाव मिळेल अशा बेताने उरलेल्या दहा जणांची कामे बदलली आणि मग त्या मांडणीला रचनेचे रूप आले. बचावाची आखणी करणाऱ्या प्रशिक्षकाचे मोठेपण कशात असते, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या दोन क्रमांकांत सापडते.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर किंवा गोव्याच्या गावोगावी खेळला जातो तो हा फुटबॉल नव्हे, म्हणून खेळाची तोंडओळख आधी करून घेणे बरे. मैदान शंभर यार्डांचे, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू, आणि चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात; तेवढी मजल मारली तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांतच संपतो आणि त्यानंतर खेळ थांबून दोन्ही बाजू पुन्हा समोरासमोर उभ्या राहतात. चढाईचे अकरा खेळाडू वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे असल्यामुळे व्यावसायिक संघांत या दोन्ही विभागांना स्वतंत्र प्रमुख असतात, आणि मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली बचावाची सारी सूत्रे सांभाळणाऱ्याला ‘डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर’ असे म्हणतात. पुढील विवेचनात त्याला बचाव-प्रशिक्षक म्हटले आहे. आठवडाभर प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांचे चित्रीकरण पाहणे, सामन्याचा आराखडा तयार करणे, तो खेळाडूंकडून घोटवून घेणे आणि प्रत्यक्ष सामन्यात प्रत्येक प्रयत्नाआधी कोणता डाव खेळायचा ते ठरवणे, ही त्याची कामे. २००८ सालापासून अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, बचावाच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये छोटा रेडिओ बसवण्यास परवानगी मिळाली आणि तेव्हापासून मैदानाबाहेरून केलेल्या खुणांऐवजी डाव थेट त्याच्या कानात सांगितला जातो.

बचावाच्या तीन फळ्या असतात. चेंडू जिथे ठेवलेला असतो तिथून मैदानाच्या दोन्ही कडांपर्यंत जाणारी एक आडवी रेषा कल्पिलेली असते. त्या रेषेवर धिप्पाड ‘लाइनमन’ उभे राहतात, त्यांच्या मागे काही पावलांवर ‘लाइनबॅकर’, आणि सर्वांत मागे वेगवान ‘कॉर्नरबॅक’ व ‘सेफ्टी’. कॉर्नरबॅक हे चेंडू झेलायला धावणाऱ्या ‘रिसीव्हर’ खेळाडूंच्या मागावर असतात, तर सेफ्टी हे शेवटचे राखणदार. समोरच्या बाजूला चढाईचा सूत्रधार ‘क्वार्टरबॅक’. चेंडू तो फेकतो किंवा पळणाऱ्या साथीदाराच्या हाती देतो, आणि त्याने फेक करण्याआधीच बचावाने त्याला पाडले तर त्याला ‘सॅक’ म्हणतात. लाइनमन नेहमीप्रमाणे क्वार्टरबॅकवर तुटून पडतातच, पण त्यांच्या जोडीला लाइनबॅकर किंवा सेफ्टीही धाडले, तर तो झाला ‘ब्लिट्झ’. ब्लिट्झमुळे दडपण वाढते, मात्र मागचे मैदान तेवढे मोकळे पडते. बचावाच्या साऱ्या आखणीत ही देवाणघेवाण सतत चालू असते, कारण गडी अकराच आहेत आणि एकाला पुढे पाठवले की मागे कुठेतरी त्याची जागा रिकामी राहणारच.

क्रिकेटचा कर्णधार जसा गोलंदाज बदलला की क्षेत्ररचना बदलतो, तसेच काहीसे हे काम आहे. फरक एवढाच, की इथे अकरांपैकी प्रत्येकाच्या गुणदोषांचा हिशेब एकाच वेळी मांडावा लागतो.

मॅथेसनचे उदाहरण यासाठी उद्बोधक आहे. मायामीचे बचाव-प्रशिक्षक बिल आर्न्सपार्गर यांच्याकडे १९७२ साली फारशी नावाजलेली मंडळी नव्हती, इतकी की त्या बचावाला ‘नाव नसलेल्यांचा बचाव’ असेच म्हटले जाई. मॅथेसन हा लाइनबॅकर, परंतु त्याच्या अंगात लाइनमनसारखे भिडण्याची ताकद होती आणि त्याचबरोबर मागे धावत जाऊन फेक अडवण्याइतकी चपळाईही होती. या दोन्ही गोष्टी थोड्या-थोड्या जमणारा खेळाडू एरवी कोणत्याच जागेचा धड नाही म्हणून बाजूला पडला असता. आर्न्सपार्गर यांनी त्याला एका लाइनमनच्या ऐवजी मैदानात आणले आणि प्रत्येक प्रयत्नात त्याचे काम बदलत ठेवले : कधी तो क्वार्टरबॅकवर चालून जाई, कधी मागे सरून एखादा टापू राखी. चेंडू खेळात येईपर्यंत तो यांतले काय करणार हे प्रतिस्पर्ध्याला कळत नसे, आणि मग त्याला अडवायला एक गडी राखून ठेवावा की नाही, हेही ठरवता येत नसे. त्या हंगामात मायामीने सतराच्या सतरा सामने जिंकले आणि लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले. एनएफएलच्या इतिहासात अंतिम सामन्यासह संपूर्ण हंगाम अपराजित राहिलेला तो आजवरचा एकमेव संघ आहे.

शिकागोच्या बडी रायन यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि ती दोन्ही अंगांनी समजून घेण्यासारखी आहे. डग प्लँक हा सेफ्टी होता, म्हणजे त्याची जागा सर्वांत मागे. पण फेकीचा माग काढण्यापेक्षा समोरच्याला जोरदार धडक देऊन पाडण्यात त्याचा हातखंडा होता. रायन यांनी त्याला मागे ठेवण्याऐवजी रेषेजवळ आणून जवळजवळ लाइनबॅकर केले, आणि रेषेच्या आसपास आठ गडी जमा होतील अशी मांडणी तयार केली. १९८२ च्या हंगामानंतर प्लँक बेअर्सकडून खेळत नव्हता, तरीही ती रचना मागे उरली आणि रायन तिच्यात नव्या खेळाडूंच्या गुणांची भर घालत गेले. डॅन हॅम्प्टन एकाच वेळी दोन-दोन अडवणाऱ्यांना भारी पडत असे, म्हणून त्याला चेंडू देणाऱ्या ‘सेंटर’च्या अगदी समोर उभे केले, त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन लाइनमन असे उभे केले, की मधल्या तिघा अडवणाऱ्यांना एकमेकांच्या मदतीला जाताच येऊ नये. विल्बर मार्शल आणि ओटिस विल्सन हे दोन वेगवान लाइनबॅकर त्यांनी एकाच बाजूला आणले, आणि माइक सिंगलटरीची खेळ ओळखण्याची नजर इतकी तीक्ष्ण होती की ऐन वेळी बचाव हलवण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवली. १९८५ च्या हंगामात हा संघ नियमित फेरीतील सोळापैकी पंधरा सामने जिंकला, बाद फेरीतले दोन सामने प्रतिस्पर्ध्याला एकही गुण न देता त्याने जिंकले, आणि अंतिम सामन्यात, म्हणजे ‘सुपर बोल’मध्ये, न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ४६-१० असा धुव्वा उडवला. सामना संपल्यावर खेळाडूंनी मुख्य प्रशिक्षक माइक डिटका यांच्याबरोबर रायन यांनाही खांद्यावर घेतले. सहायक प्रशिक्षकाच्या वाट्याला हा मान सहसा येत नाही. या जिव्हाळ्याची मुळे जुनी होती. १९८१ च्या हंगामाअखेरीस प्रशिक्षकांची उचलबांगडी होणार असे दिसू लागले, तेव्हा बचावाच्या खेळाडूंनीच संघाचे मालक जॉर्ज हॅलस यांना पत्र लिहून रायन यांना ठेवून घेण्याची विनंती केली होती, आणि हॅलस यांनी ती मानली होती.

त्या हंगामातला एकमेव पराभव मात्र रायन यांच्याच रचनेच्या हट्टाने ओढवला, असे म्हणावे लागते. डिसेंबर १९८५ मध्ये मायामीने त्यांच्याविरुद्ध तीन रिसीव्हर मैदानात उतरवले आणि त्यांतल्या नॅट मूर या अनुभवी खेळाडूला अशा जागी उभे केले, की त्याच्या मागावर कॉर्नरबॅकऐवजी लाइनबॅकरला धावावे लागावे. मार्शल कितीही चपळ असला, तरी मोकळ्या मैदानात रिसीव्हरचा पाठलाग करणे हे त्याचे बलस्थान नव्हते. एक लाइनबॅकर काढून तिथे आणखी एक कॉर्नरबॅक आणणे हा सरळ उपाय होता. रायन यांनी तो वेळेवर केला नाही, मध्यंतरापर्यंत मायामीच्या खात्यात ३१ गुण जमा झाले, आणि विश्रांतीच्या वेळी डिटका आणि रायन यांच्यात हातघाईवर येण्याइतका वाद झाला. सामना ३८-२४ असा गेला. खेळाडूच्या गुणातून जन्मलेली रचना प्रशिक्षकाच्या मनात एकदा पक्की बसली, की त्याच खेळाडूच्या मर्यादेकडे तिच्यामुळे दुर्लक्ष होऊ शकते, हे या सामन्याने जितके स्पष्ट केले तितके क्वचितच कुठल्या सामन्याने केले असेल.

आर्न्सपार्गर यांच्या विचाराला पुढे नेणारे प्रशिक्षक म्हणजे डिक लेबो. ते स्वतः डेट्रॉइट लायन्स संघाकडून चौदा हंगाम कॉर्नरबॅक म्हणून खेळले होते आणि प्रतिस्पर्ध्याच्या ६२ फेकी त्यांनी मधल्यामध्ये झेलल्या होत्या. १९८० च्या दशकात सिनसिनाटी बेंगल्स संघात असताना त्यांनी ‘झोन ब्लिट्झ’ विकसित केला. यात मागच्या फळीतला एखादा खेळाडू अनपेक्षितपणे क्वार्टरबॅकवर धाडायचा, आणि त्याच्या बदल्यात जो लाइनमन पुढे येणार असे सर्वांना वाटत असते त्याला मागे सरकवून मैदानाचा एक टापू राखायला लावायचे. म्हणजे दडपण तर येते, पण मागचे मैदान फारसे उघडे पडत नाही. सिनसिनाटीत लेबो यांच्याकडे डेव्हिड फल्चर हा सेफ्टी होता, आणि त्याची शरीरयष्टी लाइनबॅकरला शोभेल अशी असल्याने या कल्पनेला योग्य माणूसही मिळाला. पण लेबो यांच्या कारकिर्दीचा कळस पुढे पिट्सबर्गमध्ये झाला, कारण तिथे त्यांना ट्रॉय पोलामालू मिळाला.

पोलामालू नावाला सेफ्टी होता. चेंडू खेळात येण्याच्या क्षणी तो नेमका कुठे असेल हे कोणालाच सांगता येत नसे. कधी रेषेपासून वीस यार्ड मागे उभा राहून तो ऐन वेळी पुढे धाव घेई, कधी रेषेला चिकटून उभा राहून क्षणार्धात मागे फिरे, आणि २०१० मध्ये टेनेसीविरुद्ध तर चेंडू हलताच तो अडवणाऱ्यांच्या डोक्यावरून झेप घेऊन थेट क्वार्टरबॅकवर जाऊन पडला. अशी झेप अंदाजावर घेतलेली असते आणि तो अंदाज चुकला तर संघाला सहा गुणांचा फटका बसू शकतो. कडक शिस्तीच्या प्रशिक्षकाने त्याला जागेवर बांधून ठेवले असते. लेबो यांनी त्याला मोकळीक दिली, कारण चित्रीकरण पाहून प्रतिस्पर्ध्याच्या सवयी ओळखण्याची त्याची शक्ती असाधारण आहे आणि त्याचे अंदाज चुकण्यापेक्षा बरोबर येण्याचे प्रमाण बरेच जास्त आहे, हे त्यांनी पाहिले होते. तथापि या मोकळिकीची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजावी लागते, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. पिट्सबर्गमध्ये ती दुसरा सेफ्टी रायन क्लार्क मोजत असे. पोलामालूने जागा सोडली की मागचे मैदान राखण्याचे बिनचमकीचे काम त्याच्याकडे येई. एका खेळाडूच्या बलस्थानाचा वापर करणे म्हणजे दुसऱ्या एखाद्या खेळाडूचा संयम वापरणे होय, आणि असा संयमी खेळाडू संघात आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पहिल्याला मोकळे सोडता येत नाही.

२००८ च्या हंगामात पिट्सबर्गने लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले आणि सुपर बोल जिंकला. त्या अंतिम सामन्यातला सर्वांत गाजलेला क्षण लेबो यांच्या आदेशाबाहेरचा होता, हे विशेष. ॲरिझोना कार्डिनल्स संघ मध्यंतराला काही सेकंद उरले असताना गोलरेषेपासून एका यार्डावर येऊन ठेपला होता, आणि लाइनबॅकर जेम्स हॅरिसनला क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरवर धावून जाण्याचे काम दिलेले होते. वॉर्नर चेंडू झटपट फेकणार असे ओळखून हॅरिसनने पुढे जाण्याचा आव आणला, पाऊल मागे घेतले, फेक झेलली आणि शंभर यार्ड धावत जाऊन गुण केले. सामना पिट्सबर्गने अवघ्या चार गुणांनी जिंकला. वर्षानुवर्षे लाइनबॅकरला कधी पुढे, कधी मागे खेळवणाऱ्या पद्धतीत घडलेल्या खेळाडूलाच तो निर्णय सुचू शकत होता, असे मानण्यास जागा आहे. एवढा विश्वास खेळाडूत रुजवणे हेही प्रशिक्षकाच्याच कामाचा भाग धरले पाहिजे. दुसऱ्या बाजूने, २००९ मध्ये दुखापतीमुळे पोलामालू केवळ पाच सामने खेळू शकला आणि आदल्या वर्षीचा विजेता संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. एका माणसावर उभा केलेला बचाव त्या माणसाबरोबर खाली बसतो, हा धोका या पद्धतीत कायमचा आहे.

बलस्थान प्रत्येक वेळी असे डोळ्यांत भरणारे नसते. जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जायंट्सचे बचाव-प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्यासमोर बफेलो बिल्सची अत्यंत वेगवान चढाई होती. बेलिचिक यांच्याकडे लॉरेन्स टेलरसारखा जबरदस्त लाइनबॅकर असल्यामुळे ते क्वार्टरबॅकवर तुटून पडतील, अशी अपेक्षा होती. त्यांनी लाइनमनची संख्या कमी करून मागचे गडी वाढवले, आणि बफेलोचा धावपटू थर्मन थॉमस याला शंभरावर यार्ड मिळाले तरी चालतील असे स्वतःच्या खेळाडूंना सांगितले. धाव रोखण्याचा अभिमान बाळगणाऱ्या त्या खेळाडूंना हे प्रथम पटले नाही. बेलिचिक यांचा हिशेब असा होता, की आपले लाइनबॅकर अंगाने भक्कम आहेत, समोरच्याला पाडण्यात कधी चुकत नाहीत, तेव्हा झेल घेणाऱ्या प्रत्येक रिसीव्हरला ते जागच्या जागी आडवे करतील आणि लांब पल्ल्याच्या फेकींची वाट बंद राहील. थॉमसने १३५ यार्ड काढले. सामना मात्र जायंट्सने २०-१९ असा जिंकला. बफेलोची शेवटची किक गोलखांबाबाहेरून गेली नसती तर हाच आराखडा दोषी ठरला असता, हे खरे. तरीही त्या आराखड्याची प्रत अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलच्या गौरवालयात जतन केलेली आहे, आणि ते उचितच आहे.

यशस्वी रचनेची नक्कल होणे अटळ असते, आणि नकलेच्या इतिहासातून खेळाडूचे महत्त्व आणखी उघड होते. सिएटल सीहॉक्स संघाचे मुख्य प्रशिक्षक पीट कॅरल यांनी २०१० नंतर जो बचाव उभा केला, त्याचा पाया तसा जुनाच होता : सर्वांत मागे मैदानाच्या मध्यभागी एकच सेफ्टी, दोन्ही कडांना दोन कॉर्नरबॅक, आणि रेषेजवळ आठवा गडी. त्या काळात कॉर्नरबॅक बुटका आणि चपळ असावा अशी समजूत होती, म्हणून उंच खेळाडूंकडे फारसे कोणी पाहत नसे. सिएटलने सहा फूट तीन इंच उंचीचा रिचर्ड शर्मन नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या पाचव्या फेरीत घेतला, जो महाविद्यालयात आधी रिसीव्हर म्हणून खेळला होता. सहा फूट चार इंचांचा ब्रँडन ब्राउनर कॅनडाच्या लीगमधून आणला. त्यांच्या लांब हातांचा उपयोग व्हावा म्हणून त्यांना रिसीव्हरच्या तोंडासमोर उभे करून सुरुवातीलाच त्याची वाट रोखायला सांगितले. कॅम चॅन्सलर हा सुमारे १०५ किलो वजनाचा सेफ्टी रेषेजवळ आला, आणि हे सारे शक्य झाले ते अर्ल थॉमसमुळे, कारण मागचे अख्खे मैदान एकट्याने राखण्याइतका वेग त्याच्या पायांत होता. २०१२ ते २०१५ अशी सलग चार वर्षे या संघाने लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले, आणि फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये त्या हंगामात ६०६ गुणांचा विक्रम करणाऱ्या डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाला ४३-८ असे हरवले.

मग सिएटलचे सहायक प्रशिक्षक इतर संघांत बढतीवर गेले आणि ही रचना त्यांच्याबरोबर गेली. २००९ ते २०१२ या काळात सिएटलचे बचाव-प्रशिक्षक असलेले गस ब्रॅडली जॅक्सनव्हिलचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या कारकिर्दीत त्या संघाने १४ सामने जिंकले आणि ४८ गमावले. या अपयशाला क्वार्टरबॅकपासून अनेक कारणे होती आणि सारा दोष बचावाच्या आखणीवर टाकणे अन्यायाचे ठरेल. परंतु मागचे मैदान एकट्याने राखणारा अर्ल थॉमस ज्या संघात नाही, त्या संघात त्याच्यासाठी बेतलेली मोकळी जागा ही नुसती मोकळी जागाच राहते. याउलट टँपा बे संघात माँटी किफिन यांनी गाजवलेली ‘टँपा टू’ ही रचना, ज्यात मधल्या लाइनबॅकरला फेकीच्या वेळी मागे खोलवर धावावे लागते, ती शिकागोत तितकीच फळली, कारण तिथे ब्रायन अर्लाकर होता. तो महाविद्यालयात सेफ्टी होता आणि एवढ्या मोठ्या देहाचा माणूस इतके मागे धावू शकतो याची खात्री आधीच पटलेली होती. २००६ च्या हंगामात शिकागो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

सिएटलच्याच परंपरेतले डॅन क्विन यांनी यातून जो धडा घेतला, तो विशेष उल्लेखनीय आहे. २०२१ मध्ये ते डॅलस काउबॉइज संघाचे बचाव-प्रशिक्षक झाले, तेव्हा आदल्या हंगामात त्या संघाने ४७३ गुण दिले होते आणि संघाच्या इतिहासात ती सर्वांत वाईट संख्या होती. त्यांनी सिएटलची रचना जशीच्या तशी लादली नाही. कॉर्नरबॅक ट्रेव्हॉन डिग्ज हाही पूर्वीचा रिसीव्हर. फेक कुठे पडणार हे ओळखून ती हिसकावण्यासाठी तो धोका पत्करत असे आणि कधी कधी सपशेल फसतही असे. क्विन यांनी ती धोका पत्करण्याची वृत्ती मोडून काढली नाही, आणि त्या एका हंगामात डिग्जने अकरा फेकी झेलल्या. पहिल्या फेरीत निवडलेला मायका पार्सन्स लाइनबॅकर म्हणून आला होता. पहिल्या सामन्यानंतर रेषेच्या टोकाला खेळणारा डीमार्कस लॉरेन्स जायबंदी झाला, तेव्हा क्विन यांनी पार्सन्सला त्या जागी उभे केले. हा नाइलाजाने केलेला बदल होता, पण लॉरेन्स परतल्यानंतरही क्विन यांनी पार्सन्सला पूर्वीच्या जागी कोंडून ठेवले नाही. सामन्यागणिक, कित्येकदा प्रयत्नागणिक, त्याची जागा बदलत ठेवली. पहिल्याच हंगामात त्याने १३ सॅक केले, आणि चेंडू हिरावून घेण्यात डॅलस लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिले. योगायोगाने दिसलेला गुण ओळखणे आणि मग तो योगायोग संपल्यावरही त्याला धरून ठेवणे, ही दृष्टी दुर्मीळ आहे.

मात्र खेळाडूंप्रमाणे रचना बदलण्याला मर्यादा आहेत. चेंडू हलल्यावर विचार करायला वेळ नसतो. खेळाडूला आपले काम आठवावे लागले तर तो अर्ध्या पावलाने मागे पडतो, आणि या खेळात अर्धे पाऊल पुष्कळ झाले. दर आठवड्याला सगळेच बदलणारा प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना गोंधळात टाकतो. म्हणून कुशल प्रशिक्षक डावांची भाषा, म्हणजे संकेतशब्द आणि मूळ नियम, स्थिर ठेवतात आणि त्या भाषेच्या आत कामांची अदलाबदल करतात. वेड फिलिप्स यांनी अनेक दशके, अनेक संघांत ३-४ हीच मांडणी वापरली. या मांडणीत लाइनमनने दोन फटी अडवून धरायच्या आणि पराक्रम लाइनबॅकरनी करायचा, असा जुना प्रघात होता. फिलिप्स मात्र प्रत्येक लाइनमनला एकच फट देत आणि तिच्यातून मुसंडी मारायला सांगत. त्यामुळे ह्यूस्टनमध्ये जे. जे. वॉट, डेन्व्हरमध्ये व्हॉन मिलर आणि लॉस एंजेलिसमध्ये ॲरन डोनाल्ड असे तीन अगदी वेगळ्या घडणीचे खेळाडू त्याच मांडणीत फुलले. फिलिप्स आल्यावर डोनाल्डसारख्या चपळ लाइनमनची ३-४ मध्ये माती होईल, अशी भीती व्यक्त झाली होती. पुढच्या दोन्ही वर्षी लीगच्या सर्वोत्तम बचावपटूचा मान डोनाल्डलाच मिळाला.

शालेय संघांत हाती असलेल्या खेळाडूंप्रमाणे रचना बेतण्याचा प्रश्न आणखी तीव्र असतो, कारण तिथे निवड, खरेदी-विक्री असे काहीच नसते. गावातली जी मुले त्या वर्षी मैदानात येतात त्यांच्यातूनच अकरा जण उभे करावे लागतात, आणि बहुतेक मुले चढाईतही खेळतात. व्यावसायिक प्रशिक्षक हवा तसा खेळाडू मागू तरी शकतो, शाळेच्या प्रशिक्षकाला ती सोय नाही. त्यामुळे मोठ्या लीगमध्ये प्रतिष्ठा पावलेल्या कित्येक कल्पनांची प्राथमिक चाचणी अशा अडचणीच्या ठिकाणी होत असते, हे विसरून चालणार नाही.

अलीकडच्या काळात या कलेचा सर्वांत चांगला नमुना फिलाडेल्फिया ईगल्स संघाच्या २०२४ च्या हंगामात पाहायला मिळाला. बचाव-प्रशिक्षक व्हिक फँजिओ यांच्याकडे जेलन कार्टर, जॉश स्वेट, मिल्टन विल्यम्स असे बळकट लाइनमन होते, आणि चार गड्यांनीच क्वार्टरबॅकला घेरता येत असेल तर पाचवा पाठवण्याचे कारण नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सविरुद्ध त्यांनी एकदाही ब्लिट्झ केला नाही; तरीही महोम्सला सहा वेळा पाडले गेले आणि ईगल्सनी सामना ४०-२२ असा जिंकला. त्या बचावाच्या मध्यभागी झॅक बॉन होता. विस्कॉन्सिन विद्यापीठात तो रेषेच्या टोकावरून क्वार्टरबॅकवर धावून जाणारा खेळाडू होता. २०२० मध्ये न्यू ऑर्लिन्सने त्याला निवडले, पण चार वर्षे त्याचा उपयोग मुख्यतः किकच्या वेळी मैदानात उतरणाऱ्या विशेष तुकड्यांत झाला. फिलाडेल्फियात त्याला टोकावरून काढून मधला लाइनबॅकर केले गेले, आणि त्याच हंगामात त्याची लीगच्या सर्वोत्तम अकरांत निवड झाली. अंतिम सामन्यात त्याने महोम्सची एक फेकही झेलली. २०२४ मध्ये संघाने त्याला एका वर्षासाठी ३५ लाख डॉलरांवर घेतले होते. सुपर बोलनंतर, मार्च २०२५ मध्ये, त्याच संघाने त्याच्याशी तीन वर्षांचा ५ कोटी १० लाख डॉलरांचा नवा करार केला.